बिटाच्या बाईचा थांबा

त्या बुधवारी मी चेहऱ्यावरून नुसते हात फिरवले, आणि मिनीबसमधल्या सगळ्यांनी फिरवले. ड्रायव्हर साम्साकने स्टिअरिंगवरचा एक हात काढून फिरवला. माझ्या शेजारी बसलेल्या तुर्सुन आपाने सायीचे रिकामे डबे गुडघ्यांत दाबून धरले आणि दोन्ही तळवे कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश खाली आणले. पुढच्या बाकावरच्या दोन मुलींनी कानातली गाणी न थांबवता फिरवले, आणि वालेरीने, म्हणजे आमच्या गाडीतल्या एकुलत्या एका रशियनाने, नेहमीसारखी टोपी काढून मांडीवर ठेवली. कबरस्तान आलं की आम्ही हे करतो. कोणी मान वळवून कबरी बघत नाही. एकाचे हात वर गेले की बाकीच्यांचे जातात, ओठांतल्या ओठांत ओमीन, म्हणजे आमीन, म्हणायचं आणि पुन्हा आपल्या फोनमध्ये डोकं घालायचं. फक्त त्या बुधवारी बाहेर कबरस्तान नव्हतं. ते अजून किलोमीटरभर लांब होतं. बाहेर होता एक जुना सिमेंटचा बसथांबा, त्याच्या मागच्या भिंतीवर रंगीत तुकड्यांनी केलेली बीट उचललेली बाई, आणि पॉपलरची दोन झाडं. माझे हात का वर गेले ते मला माहीत होतं, पण ते गेले हे मला इतरांचे वर गेलेले बघून कळलं. मग खरं कबरस्तान आलं, सगळ्यांनी दुसऱ्यांदा हात फिरवले, आणि मी मांडीवर हात ठेवून गुन्हेगारासारखी बसून राहिले.

सकाळी सगळी दुनिया बिश्केकमध्ये येते आणि मी बिश्केकबाहेर जाते. समोरून येणाऱ्या गाड्या दारापर्यंत ठासून भरलेल्या, आमची अर्धी रिकामी. ते पश्चिमेला जातात, ऊन त्यांच्या पाठीवर. मी पूर्वेला जाते, ऊन माझ्या तोंडावर, आणि संध्याकाळी परत येते तेव्हाही तोंडावरच. तेवीस वर्षं मी दोन्ही वेळा डोळ्यांवर आडवा हात धरून प्रवास करते आहे, आणि माझं काम काय, तर तालुक्याच्या दवाखान्यात डोळे तपासायला आलेल्यांना पाटीवरची अक्षरं दाखवायची. वरची ओळ इथे जन्मलेल्या प्रत्येकाला पाठ असते. म्हातारे खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणायला लागतात. "बाबा, मी पाटी काढून तिथे कॅलेंडर लावलं तरी तुम्ही हेच वाचाल," असं मी म्हणते, आणि ते हसतात. शहरातल्या दवाखान्यात नोकरी मिळत होती, दोनदा मिळत होती. मी गेले नाही. कारण विचारलं तर मी सांगत असे की उलट्या दिशेला बसायला जागा मिळते. ते खोटं नव्हतं, पण ते सगळंही नव्हतं. हा रस्ता मला सोडवत नव्हता.

आमच्या गाडीत कंडक्टर नसतो. मागचा माणूस पुढच्याच्या खांद्याला बोट लावतो, "पुढे द्या" म्हणतो, आणि भाडं हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातं. सुटे तशाच हातांनी मागे येतात. निरोपही तसेच जातात. पुलाजवळ थांबवा, खिडकी लावा, त्या बाईला उलटी होते आहे, रेडिओ जरा हळू. ओरडायचं नसतं, ओरडणारा अडाणी समजला जातो. वर्षानुवर्षं मी या लोकांच्या तळव्यांना बोटं लावत आले आहे. वालेरीचा तळवा कारखान्याच्या बॉयलरमुळे कायम गरम असतो, आपाच्या बोटांना सायीचा वास येतो, हे मला माहीत आहे. त्यांची घरं कुठे आहेत, घरात कोण आहे, हे माहीत नाही. मीही सांगितलेलं नाही. एका अर्थी हीच माझी जवळची माणसं होती, आणि त्यांच्याशी माझं बोलणं "पुढे द्या" एवढंच होतं. आपा तेवढी बोलायची. ती पहाटे शहरात साय विकून परत गावी जायची, आणि गिऱ्हाइकांबद्दलचा सगळा राग माझ्या कानात ओतायची.

आदल्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, मी बटाटे सोलत असताना नणंदेचा फोन आला होता. राखात तिचं नाव, सात वर्षांत ती फार तर चार वेळा बोलली असेल. आधी तिने विचारलं, बसलेली आहेस का. मग म्हणाली, "वहिनी, तो गेला. जानेवारीत. तिकडेच, सायबेरियात. झोपेत गेला म्हणतात." मी विचारलं, आणतायत का. ती म्हणाली, "कुठलं आणतायत. तिकडच्या बाईने तिकडेच पुरला. थंडीत माती खणायला दोन दिवस लागले म्हणे." मग ती घाईघाईने म्हणाली, "आम्ही इथे केलं सगळं. एक मेंढी कापली, मुल्ला बोलावला, काल चाळिसावा दिवसही झाला. तुला बोलावणार होतो गं, पण तूच सांग, तुला बसवायचं कुठे? काय म्हणून बसवायचं?" मी म्हटलं, बरोबर आहे. खरंच म्हटलं मी असं. फोन ठेवला आणि राहिलेले बटाटे सोलले. एकटीला दोन पुरतात, मी नऊ सोलले.

आमच्यात नवरा गेला की अंगणात राखाडी तंबू उभा राहतो. बायको काळे कपडे घालून आत, भिंतीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून बसते, आणि येणाऱ्या प्रत्येकासाठी नव्याने गळा काढून त्याचे गुण गाते. खोटे असले तरी गाते. बाहेर पुरुष रडत येतात, आत बायका तिच्या पाठीवर हात ठेवतात. लहानपणी मला त्या रडण्याची भीती वाटायची, पुढे त्याचा कंटाळा यायला लागला, आणि त्या मंगळवारी रात्रीच्या आत मला कळलं की ती पाठ म्हणजे एक हक्काची जागा आहे आणि ती मला मिळालेली नाही. कागदावर मी अजून त्याची बायको होते. घटस्फोट ना त्याने मागितला ना मी. पण कागदाला तंबूत कोण बसू देतं. लेकीला इस्तंबूलला फोन केला. ती बापाशी बोलत नव्हती, चार वर्षं झाली. सगळं ऐकून तिने विचारलं, "आई, जेवलीस का?" मी हो म्हटलं. दोघींनीही त्याचं नाव घेतलं नाही. आमच्या घरात तो रशियाला गेल्यापासून नुसता 'तो' होता.

ती बीटवाली बाई ज्या गावाच्या थांब्यावर होती, ते त्याचं गाव. सोव्हिएत काळात, बिश्केकचं नाव फ्रुंझे होतं तेव्हा, नर्सिंगच्या आम्हा पोरींना दर शरदात बीट उपटायला तिथे नेत. तो ट्रॅक्टर चालवायचा आणि आमच्या ओळीपाशी आला की उगाचच इंजिन बंद पाडायचा. नंतर दर शनिवारी मी शहरातून बसने यायची आणि तो त्या थांब्यावर उभा असायचा. बाक होता, पण हा बसायचा नाही. का रे, म्हणून विचारलं तर भिंतीवरच्या बाईकडे बोट दाखवून म्हणाला, "ही मागून बघत असते. आळशी माणसाला मुलगी मिळत नाही म्हणते." एकदा बस बंद पडली म्हणून मी दोन तास उशिरा पोचले, आणि तो उभाच होता, शर्टाच्या आत धरलेली रोटी अजून कोमट. मी ती उभ्या उभ्या खाल्ली. पुढे संसारात आम्ही पुष्कळ चांगलं खाल्लं, पुष्कळ भांडलो, एकमेकांना नको ते बोललो. पण माझ्या डोक्यात तो माणूस त्या थांब्यावरून हललाच नाही. पुढे शेतं वाटली गेली, ट्रॅक्टर विकला गेला, तो शहरात आला आणि माझ्या दोन खोल्यांत मावेना. मग रशिया. आधी रोज फोन, मग रविवारी, मग सणाला, मग फोनमध्ये मागून एका बाईचा खोकला. तिसऱ्यांदा तो खोकला ऐकल्यावर मी विचारलं, औषध घेते का ती. त्याने फोन ठेवला. शेवटचं बोलणं ते.

म्हणजे मला त्याचा राग होता. सात वर्षं मी तो राग नीट घडी घालून ठेवला होता. भेटला की काढायचा, म्हणून. आता भेटायचाच नाही म्हटल्यावर तो कुणावर काढणार. शेजारणीवर काढून बघितला, चहाच्या किटलीवर काढून बघितला. खरं सांगायचं तर मला रडायचं होतं, आणि रडायला कुणीतरी समोर लागतं. किंवा पाठीमागे.

गुरुवारी मी ठरवून हात मांडीखाली दाबून बसले. थांबा आला. साम्साकने रेडिओ बारीक केला आणि आरशातून माझ्याकडे बघत चेहऱ्यावरून हात फिरवला. त्याच्यामागे सगळ्यांनी. मी एकटीच राहिले, मग मीही फिरवला, नाहीतर काय करणार. शुक्रवारीही तेच. सोमवारपर्यंत ते इतकं अंगवळणी पडलं की एक अनोळखी म्हातारा चढला होता, त्यानेही केलं आणि वर "अल्ला जन्नतमध्ये जागा देवो" असं पुटपुटला. आमच्या रस्त्यांच्या कडेला कुठेही कबर असू शकते. एखादा अपघात, एखादा जुना पीर, कुणी विचारत बसत नाही. कबर आहे म्हणून विचारलं आणि ती असली, तर विचारणाराच लाजतो. असा माझा एक चुकून उचललेला हात बघता बघता वहिवाट होऊन बसला.

मला भीती वाटायला लागली. माणसं कामाला निघालेली, कुणाला स्वतःचे मेलेले असतील, कुणाला जगणारे जड झालेले असतील, आणि मी त्यांच्याकडून एका रिकाम्या थांब्यासाठी दुवा घेत होते. हे पाप आहे का, हे विचारायला मुल्लाकडे जावं तर आधी सगळी हकीकत सांगावी लागणार. आणि खरी गोष्ट याहून वाईट होती. मला ते हवं होतं. सकाळी उठल्यावर बाहेर पडावंसं वाटत नसे, आणि तरी मी आठची गाडी चुकवत नव्हते. त्या तीन-चार सेकंदांत आठ-दहा माणसं त्याच्यासाठी हात उचलत होती. त्यांना तो माहीत नव्हता, म्हणून तर उचलत होती. माहीत असता तर कुणीतरी म्हणालं असतं, त्याची दुसरी आहे ना तिकडे. खरं सांगितलं की हे थांबणार, हे मला पक्कं कळत होतं. मग मी पुन्हा एकटी नऊ बटाटे सोलणार. म्हणून मी गप्प बसले. एप्रिल गेला, सफरचंदांचा मोहर झडला, दवाखान्यात मुलं पाटीवरची अक्षरं चुकत राहिली.

मे महिन्यात रस्ता रुंद करायला घेतला. आधी पॉपलर पडले. नंतर एका सोमवारी आमची गाडी तिथे पोचली आणि थांबाच नव्हता. नुसती खडी, एक पिवळं यंत्र, आणि कडेला टाकलेल्या ढिगात भिंतीचा एक तुकडा, त्यावर बिटाची हिरवी पानं. बाई कुठे दिसली नाही. साम्साकचा पाय ब्रेकवर गेला. त्याला नक्की जागा सापडेना. त्याने थोडं अलीकडे हात उचलला, मुलींनी थोडं पलीकडे, वालेरीने टोपी काढली आणि हातात धरून बाहेर बघत राहिला. सगळे गोंधळले होते आणि तो गोंधळ माझा होता. दिवसभर मी चुकीच्या डोळ्यावर पट्टी धरत होते. डॉक्टर म्हणाले, तुम्ही घरी जा. मी म्हटलं, घरी नको.

मंगळवारी आपा डबे मांडीवर घेऊन माझ्याकडे वळूनच बसली. गाडी शहराच्या शेवटच्या चौकातून बाहेर पडेपर्यंत ती डब्यांची झाकणं घट्ट करत होती. मग म्हणाली, "काल मला झोप नाही. त्या यंत्रवाल्यांनी हाडं कुठे नेली असतील गं? मी उतरून त्यांना जाब विचारणार आहे आज. साम्साक म्हणतो, तोही येतो."

"आपा, नका विचारू."

"का नको? माणूस होता का दगड होता?"

मी खिडकीबाहेर बघितलं. ऊन डोळ्यांत येत होतं, पण हात वर न्यायची माझी हिंमत झाली नाही. सगळ्यांनी उचलले असते. "तिथे कुणी नाही," मी म्हटलं. "कधीच नव्हतं. त्या दिवशी मी नुसतंच तोंड पुसलं."

"असं नुसतंच कुणी पुसत नाही."

"आपा, खरंच. तिथे कबर नाही."

"कबरीचं सोड. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. माझा जन्म गेला दूधदुभत्यात. कोण तुझा तो?"

"नवरा," मी म्हटलं, आणि एकदा तोंड उघडल्यावर बाकीचं बाहेर पडलं. सायबेरिया सांगितलं, दोन दिवस खणलेली माती सांगितली, खोकणारी बाई सांगितली, चाळिसावा मला न बोलावता झाला तेही सांगितलं. बोलताना मी तिच्याकडे बघितलं नाही. पुढच्या बाकावर वालेरीची मान ताठ झाली होती, म्हणजे तो ऐकत होता. मी म्हटलं, "तो तिथे माझी वाट बघत उभा राहायचा, एवढंच. तुम्हा सगळ्यांना मी फसवलं. आता ओरडा माझ्यावर."

आपा ओरडली. हळू आवाजात, पण चांगलीच. "दोन महिने," ती म्हणाली. "दोन महिने मी रोज दुवा पाठवते आहे. माझ्या गुडघ्यांसाठी सुद्धा मी इतक्या नेमाने मागितलं नाही. आणि पत्त्यावर नावच नाही! बिनानावाचं पोचतं का कुठे? सगळं वाटेत पडून राहिलं असेल." तिने नाक ओढलं. "नाव काय?"

"आपा, तो काही फार चांगला माणूस नव्हता."

"मी ते विचारलं नाही. माझाही नव्हता. नाव काय?"

मला ते उच्चारता येईना. इतकं साधं नाव, आणि तोंडात जीभच वळेना. सात वर्षं ते मी कुठल्या कोपऱ्यात ठेवलं होतं, हे मलाच आठवत नव्हतं. मग मला तो इंजिन बंद पाडून उतरताना दिसला, आणि बीट उपटणाऱ्या पोरी त्याला चिडवायला नावाने हाका मारत होत्या, त्यांतली एक हाक माझी होती.

"कुबात," मी म्हटलं. "कुबातबेक."

आपाने वालेरीच्या खांद्याला बोट लावलं. "पुढे सांग. कुबातबेक म्हणून होता. हिचा नवरा. परदेशात गेला, तिकडेच पुरला."

मी तिचा हात धरायला गेले, पण उशीर झाला होता. वालेरीने पुढे वाकून मुलीच्या खांद्याला बोट लावलं. त्याने ते नाव अगदी नीट उच्चारलं, एकेक अक्षर. "कुबातबेक. एजेचा, मागच्या ताईचा, नवरा. दूर गेला." मुलीने कानातला इअरफोन काढला, मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि ड्रायव्हरच्या मागे बसलेल्या एका शिक्षकाला सांगितलं. शिक्षकाने साम्साकला. ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर हातोहात पुढे सरकत गेलं, रोजच्या भाड्यासारखं, आणि मला वाटलं आता कुणीतरी हसेल, कुणीतरी म्हणेल, मग आम्ही इतके दिवस काय केलं. साम्साकने रेडिओ बंद केला. नुसतं इंजिन ऐकू यायला लागलं. मग तो शिक्षकाला काहीतरी बोलला, आणि ते बोलणं मागे यायला लागलं. शिक्षक, मुलगी, वालेरी. आपाने ते घेतलं आणि मला दिलं.

"साम्साक विचारतोय, कितीचा होता?"

"पन्नासला चार महिने कमी," मी म्हटलं.

ते पुढे गेलं. पोचतं न पोचतं तोच खडी आली, पिवळं यंत्र आलं. साम्साकने गाडी बाजूला घेतली आणि पूर्ण थांबवली. यंत्रावरच्या माणसाने आमच्याकडे बघितलं आणि त्यानेही इंजिन बंद केलं. कबर नाही, हे आता गाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी हात उठले. पुढून मागे, एकेक करून. वालेरीची टोपी मांडीवर आली. आपाने तळवे उघडून बराच वेळ समोर धरले आणि त्यांत त्याचं नाव घातलं. मी खिडकीकडे तोंड केलं, गाडीकडे पाठ केली, आणि माझ्या गळ्यातून आवाज निघाला. मोठा निघाला. मला त्याची लाज वाटली नाही. कुणाचा तरी हात माझ्या पाठीवर आला, त्याला सायीचा वास होता. नंतर दुसरा आला, तो गरम होता.

गाडी पुन्हा चालू झाली. किलोमीटरभराने खरं कबरस्तान आलं, तिथेही हात फिरवले, माझ्या सासू-सासऱ्यांसाठी मीही फिरवले. मग पुढून पुन्हा काहीतरी निघालं. मुलीने वालेरीच्या कानात सांगितलं, वालेरीने आपाला.

"साम्साक म्हणतोय," आपा म्हणाली, "तरुणच होता की."

मी डोळे पुसले. "हो," मी म्हटलं. "पुढे सांगा. तरुणच होता."